बॉम जेझसचा जीर्णोद्धार

जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिका तिच्या तांबूस, उघड्या दगडांमुळे ओळखली जाते. हेच तिचे प्राचीन रूप होय, असा प्रेक्षकाचा सहज ग्रह होतो. वस्तुतः हे रूप विसाव्या शतकाच्या मध्यास निर्माण झालेले आहे.

जेझुइटांनी 1594 मध्ये या चर्चचा पाया घातला. 1605 मध्ये त्याचे विधिपूर्वक समर्पण झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष 1624 मध्ये येथे आणण्यात आले. फ्लॉरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराने त्यांच्यासाठी घडविलेली समाधी 1698 मध्ये उभी राहिली. 1759 मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली. वास्तू मात्र टिकली.

ती टिकली याचे एक श्रेय चुन्याच्या गिलाव्यास द्यावे लागते. भिंतींचा जांभा दगड सच्छिद्र. कोकणपट्टीतील पावसाचे पाणी तो शोषून घेतो. हे ओळखूनच तेथील गवंडी त्यावर गिलावा चढवीत व वेळोवेळी तो नवा करीत. गिलावा हा अलंकार नव्हता. बांधकामाचेच ते अंग होते.

1952 मध्ये झेवियर यांच्या मृत्यूस 400 वर्षे झाली. त्या सुमारास पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रू यांच्या देखरेखीखाली बाहेरचा गिलावा खरवडून काढण्यात आला. नंतरचे थर दूर सारून वास्तूचे ‘मूळ’ रूप प्रकट करावे, हा तत्कालीन पोर्तुगीज जीर्णोद्धाराचा ध्यास होता. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगायचे तर, संपादकाने मूळ पाठच प्रक्षिप्त मानून गाळला.

परिणाम दगडावर झाला. उघड्या जांभ्यात पाणी मुरते, त्याचा पृष्ठभाग झिजतो. जुन्या गोव्यातील वास्तूंना 1986 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा जगाने पाहिले ते हेच सोललेले रूप. गिलाव्याचा प्रश्न 2020 मध्ये पुन्हा जाहीरपणे चर्चेत आला.

समोरच्या से कॅथीड्रलचा एक मनोरा 1776 मध्ये कोसळला. तो पुन्हा बांधला गेला नाही. तेथील उणीव पाहणाऱ्यास उणीव म्हणूनच दिसते. बॉम जेझसची हानी मात्र प्राचीनतेचा वेष घेऊन उभी आहे, आणि म्हणूनच ती अधिक घातक होय.

उघड्या दगडाचे हे रूप आता कित्येकांच्या स्मृतीचा भाग झाले आहे, हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. तथापि पाहणाऱ्यांची सवय जपण्यासाठी भिंतींनी दर पावसाळ्यात झिजत राहावे, हे मान्य करणे कठीण आहे. छायाचित्रे त्या रूपाची स्मृती राखू शकतील. भिंती राखण्यास चुनाच हवा.