संगणकाला ‘कशावरून?’ असे विचारण्याचा इतिहास

छातीच्या सीटी स्कॅनवर आता रेडिओलॉजिस्टबरोबर संगणकही मत देऊ लागला आहे. ‘डॉक्टर, मशीन चुकत नाही ना?’ असे तुम्ही विचारता. त्यापेक्षा ‘मशीन हे कशावरून म्हणते?’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

गंमत म्हणजे सुरुवातीला तो विचारावाच लागत नसे. 1963 मध्ये अमेरिकेतील रेडिओलॉजिस्ट ग्विलिम लॉडविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे एक्स-रे आकड्यांत मांडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. एक्स-रेतील खुणा डॉक्टरनेच डोळ्यांनी पाहून नोंदवायच्या, संगणकाने फक्त हिशेब करायचा. उत्तर चुकले तरी कारण समोर असे.

पुढे डीप लर्निंग आले. हजारो चित्रे दाखवली की संगणक खुणा स्वतःच शोधतो. 2019 मध्ये गूगलच्या प्रणालीने, तुलनेला जुना स्कॅन नसताना, सहा रेडिओलॉजिस्टपेक्षा सरस निदान केले. पण कारण मात्र लाखो आकड्यांत हरवले.

यात धोका काय, ते 2018 च्या एका अभ्यासातून कळते. विषय कर्करोगाचा नव्हता, न्यूमोनियाचा होता. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील एक्स-रेंमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण 34 टक्के होते, दुसऱ्या एका संस्थेच्या एक्स-रेंमध्ये जेमतेम 1 टक्का. संगणक फुप्फुसाबरोबरच चित्राच्या कोपऱ्यातली धातूची खूणही पाहत होता आणि त्यावरून रुग्णालय ओळखत होता! रुग्णालय कळले की निम्मे उत्तर मिळालेच. बाहेरच्या रुग्णालयांचे एक्स-रे दिल्यावर त्याची कामगिरी बऱ्याचदा घसरली.

ही लबाडी पकडली गेली ती रंगीत नकाशामुळे. संगणकाने चित्राचा कुठला भाग जास्त विचारात घेतला, ते असा नकाशा दाखवतो. अशा पद्धती 2016 च्या सुमारास पुढे आल्या. त्या उपयोगी आहेत, पण माझ्या मते त्यांचे जरा जास्तच कौतुक होते. नकाशा ‘कुठे’ ते सांगतो, ‘का’ ते नाही.

आपल्याकडे हा फरक मोठा आहे. बरा झालेला क्षयरोगही फुप्फुसात गाठ मागे ठेवतो. नकाशा नेमका त्या गाठीवर लाल झाला, तरी ती कर्करोगाची की जुन्या क्षयाची, हे ठरायचे राहतेच. दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये तीच भरीव गाठ तेवढीच असेल, तर कर्करोगाची शक्यता खूप कमी होते. वाढली असेल तर बहुधा बायोप्सी लागते. म्हणून जुनी फिल्म आणि सीडी रद्दीत टाकू नका, येताना सोबत आणा.