बैरागढच्या बराकी आणि तांबड्या समुद्रावरील कापडी विमाने

बैरागढ, म्हणजे आजचे संत हिरदाराम नगर, म्हटले की सिंधी बांधवांची वसाहत आणि कापडाची बाजारपेठ भोपाळकरांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. फाळणीनंतर या मंडळींना ज्या बराकींत आसरा मिळाला, त्यांत त्याआधी दुसऱ्या महायुद्धातील इटालियन युद्धकैदी राहून गेले होते. आफ्रिकेच्या रणांगणावर पकडलेली ही माणसे माळव्याच्या पठारावर कशी पोहोचली, याचा माग काढू लागले की वाट तांबड्या समुद्राच्या काठाशी जाते आणि तेथे एका जुनाट ब्रिटिश विमानाशी गाठ पडते.

त्याचे नाव ‘स्वोर्डफिश’. १९३६ साली ब्रिटिश आरमारात दाखल झालेले हे दुपंखी विमान बव्हंशी कापडाने मढवलेले होते. बसण्याची जागा उघडी, माणसे तीन, आणि वेग ताशी जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर. वैमानिक त्याला थट्टेने ‘स्ट्रिंगबॅग’, म्हणजे दोऱ्यांची जाळीदार पिशवी, म्हणत. परंतु पोटाखाली सातशे किलोंहून अधिक वजनाचा पाणतीर घेऊन ते विमानवाहू नौकेच्या आखूड फलाटावरून सहज उठे. पाणतीर टाकावयाचा तर विमानाने पाण्यालगत, सरळ आणि संथ गेले पाहिजे. वेग जास्त असला तर तो पाण्यावर आपटून बिघडतो. त्यामुळे इतरत्र जो दोष ठरला असता, तोच या कामी उपयोगी पडला. ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री अशा एकवीस विमानांनी तारांतो बंदरातील तीन इटालियन युद्धनौका जायबंदी केल्या आणि स्वतःची केवळ दोन विमाने गमावली.

तारांतोची कीर्ती सर्वदूर झाली. भारतीय सैन्याच्या दृष्टीने अधिक जवळची हकीगत मात्र पुढच्या वसंत ऋतूतली आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. एरिट्रिया इटलीच्या ताब्यात होता. मसावा बंदरातील इटालियन विनाशिकांमुळे सुएझकडे जाणाऱ्या जहाजांना धोका होता. १९४१ च्या आरंभी भारतीय चौथी व पाचवी डिव्हिजन एरिट्रियात शिरल्या. केरेनच्या डोंगरी खिंडीत इटालियनांनी कडवा प्रतिकार केला. तेथील ‘फ्लॅट टॉप’ टेकडी मार्चच्या मध्यास ३/५ मराठा लाइट इन्फंट्रीने घेतली. आपल्या वाचकांना हे नाव परके वाटू नये. त्याच वेळी तांबड्या समुद्राच्या काठाने दक्षिणेकडे सरकणाऱ्या ब्रिगेडियर ब्रिग्ज यांच्या तुकडीत ४/१६ पंजाब ही पलटण होती. तिचा उगम १८५९ साली आपल्या शेजारच्या सीहोर येथे उभारलेल्या ‘भोपाळ लेव्ही’त आहे. पुढे ती ‘नववी भोपाळ इन्फंट्री’ झाली आणि १९२२ च्या फेररचनेत पंजाब रेजिमेंटमध्ये गेली, तरी कंसात भोपाळचे नाव तिने टिकवले.

२७ मार्चला केरेन पडले. मसावाच्या इटालियन नौदलापुढे शरणागती किंवा अखेरची झुंज असे दोनच पर्याय उरले. त्यांनी पोर्ट सुदानवर चाल करण्याचे ठरवले. सुएझ कालव्यात जर्मन विमानांनी सुरुंग टाकल्यामुळे ‘ईगल’ ही विमानवाहू नौका पलीकडेच अडकली होती, म्हणून तिच्यावरील ८१३ व ८२४ या स्क्वाड्रनांची स्वोर्डफिश विमाने आधीच पोर्ट सुदानला पाठवण्यात आली होती. ३ एप्रिलच्या सकाळी ती विनाशिकांवर तुटून पडली. गंमत अशी की पाणतिरासाठी बांधलेल्या या विमानांनी त्या दिवशी काम साधले ते साध्या बॉम्बनी. ‘नाझारिओ साउरो’ व ‘दानिएले मानिन’ बुडाल्या. ‘पांतेरा’ आणि ‘टिग्रे’ यांना अरबस्तानच्या किनाऱ्याशी त्यांच्याच खलाशांनी जलसमाधी दिली. ८ एप्रिलला मसावा पडले आणि ११ एप्रिलला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तांबडा समुद्र युद्धक्षेत्रातून वगळला. अमेरिकन जहाजांना आता सुएझपर्यंत येण्याची मोकळीक मिळाली.

या विमानाचे गोडवे गाणारे लेखक एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवतात. त्या सकाळी विनाशिकांच्या मदतीला लढाऊ विमाने नव्हती. जेथे ती होती तेथे काय झाले, हे पुढच्याच वर्षी दिसले. १२ फेब्रुवारी १९४२ रोजी इंग्लिश खाडीत जर्मन नौकांवर गेलेली सहाही स्वोर्डफिश पाडली गेली; अठरा जणांपैकी तेरा मृत्युमुखी पडले, त्यांत म्होरके एस्मंड होते. ५ एप्रिलला जपान्यांनी कोलंबोवर हल्ला केला, तेव्हा त्रिंकोमालीहून येणारी सहा स्वोर्डफिश जपानी ‘झिरो’ विमानांच्या तडाख्यात सापडली. तीही सगळी गेली. मंद विमानातून जाणाऱ्या या माणसांना धोक्याची कल्पना नव्हती, असे म्हणवत नाही.

आफ्रिकेतून हजारो इटालियन कैदी जहाजांनी हिंदुस्थानात आणले गेले. त्यांतील काहींच्या वाट्याला बैरागढच्या बराकी आल्या. युद्ध संपल्यावर ते मायदेशी परतले. फाळणीत सोळावी पंजाब रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली, आणि भोपाळचे नाव मिरवणारी ती पलटणही तिच्याबरोबर सीमेपार गेली. सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबे त्याच सुमारास बैरागढच्या रिकाम्या बराकींत उतरत होती.