ईस्टरचे हसू

१५१८ साली बाझेल शहरातल्या योहान फ्रोबेनच्या छापखान्यातून एक छोटी लॅटिन पुस्तिका निघाली. पुस्तिका कसली, एका मित्राने दुसऱ्याला लिहिलेले पत्रच ते. लिहिणारे योहानेस ओकोलांपाडियस, पुढे बाझेलमधल्या धर्मसुधारणेचे नेते झाले ते. ज्यांना लिहिले ते वोल्फगांग कापिटो, तिथल्या मुख्य चर्चचे प्रवचनकार. ओकोलांपाडियस यांची प्रवचने फार गंभीर असतात, ईस्टरलासुद्धा ते लोकांना हसवत नाहीत, अशी कुरकुर कापिटो यांच्या कानावर आली होती आणि ती त्यांनी मित्राला कळवली होती. त्यावर मित्राने जो संताप कागदावर ओतला, त्यातून ‘रिसुस पास्कालिस’ म्हणजे ईस्टरचे हसू या प्रथेचे सर्वांत रंगतदार वर्णन आपल्या हाती आले. प्रथेच्या शत्रूनेच तिचा इतका बारीक हिशेब ठेवावा, ही इतिहासाची आपल्यावर मेहेरबानीच.

प्रथा अशी: ईस्टरच्या प्रवचनात धर्मगुरूने लोकांना हसवायचे. मंद स्मित पुरेसे नाही, चर्च दणाणले पाहिजे. ओकोलांपाडियस सांगतात, एक जण व्यासपीठावरून कुक्कू पक्ष्यासारखा ओरडला. दुसऱ्याने एका साध्या संसारी माणसाला मठवासी साधूची टोपी चढवली, तू धर्मगुरूच आहेस असे त्याच्या गळी उतरवले आणि त्याला थेट वेदीपाशी नेले. तिसरा शेणात लोळण घेऊन वासराला जन्म देत असल्याचे सोंग करी आणि कुणी जवळ आले की हंसासारखा ओरडे. संत पेत्राने खाणावळवाल्याला पैसे न देता कसे चकवले, याच्या गोष्टीही रंगत. याहून चावट प्रकारही होते, ते सांगायला पत्रलेखकाची लेखणी कचरते. कुणी आक्षेप घेतलाच तर प्रवचनकारांचे उत्तर ठरलेले: हसवले नाही तर रिकाम्या बाकांपुढे बोलायचे का? आपल्याकडे उत्तररंगात विनोदाची पेरणी करणाऱ्या कीर्तनकाराला हे उत्तर लगेच पटेल.

हसू नेमके त्याच दिवशी का, हे कळायला आधीचे दिवस पाहावे लागतात. चाळीस दिवसांचा उपवासकाळ, मांस वर्ज्य, कित्येक ठिकाणी अंडी आणि दूधदुभतेही वर्ज्य. उपासनेत ‘आलेलुया’ गायचा नाही. पवित्र गुरुवारनंतर चर्चच्या घंटाही मुक्या. शुक्रवारी क्रुसावरचा मृत्यू. मग पुनरुत्थानाचा रविवार उजाडतो तेव्हा सगळे बांध एकदम सुटतात. पण एवढेच कारण मानले तर हे हसू म्हणजे पोट भरल्यानंतरची ढेकर ठरेल. त्याच्या मुळाशी एक धर्मविचार आहे आणि तो फार जुना आहे.

चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरी या ग्रीक धर्मपित्यांनी मांडले की सैतान ख्रिस्ताला गिळायला गेला तो साधे माणसाचे मांस समजून, पण त्या आमिषात देवत्वाचा गळ दडलेला होता. संत ऑगस्टीन यांनी तर क्रुसाला सैतानासाठी लावलेला उंदराचा सापळा म्हटले. ही कल्पना लोकांच्या मनात पुढे हजार वर्षे टिकली. न्यूयॉर्कच्या क्लॉयस्टर्स संग्रहालयात पंधराव्या शतकातले मेरोद नावाचे वेदीचित्र आहे. त्यात मरियेला देवदूताचा निरोप मिळत असताना शेजारच्या खोलीत सुतार योसेफ उंदराचे सापळे बनवताना दिसतो. म्हणजे ईस्टर ही सैतानाच्या फजितीची गोष्ट. फजितीच्या गोष्टीवर हसायचे नाही तर काय करायचे?

ही प्रथा ग्रीक धर्मपित्यांनी सुरू केली असे हल्ली बेधडक सांगितले जाते. मला ते पटत नाही. त्या धर्मपित्यांमधले सर्वांत मोठे वक्ते संत जॉन क्रिझोस्टम हसण्याविषयी कडक होते. ख्रिस्त रडलेला दिसतो, हसलेला कुठेही दिसत नाही, असे तेच श्रोत्यांना बजावत. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमांतही खदाखदा हसण्याला जागा नाही. सैतान फसल्याची कल्पना ग्रीकांकडून आली हे खरे. पण त्यावर व्यासपीठावरून लोकांना हसवण्याची रीत पश्चिमेकडची, विशेषतः जर्मन भाषक मुलखातली. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी मनाच्या विश्रांतीसाठी थट्टामस्करी योग्य, इतकेच नव्हे तर तिचा पूर्ण अभाव हाही दोष, असे लिहून ठेवले. तेव्हापासून विनोदाला निदान वकील तरी मिळाला.

‘मूर्खपणाची स्तुती’ लिहून अख्ख्या युरोपला हसवणाऱ्या इरॅस्मस यांनीही १५३५ साली प्रवचनकलेवरच्या ग्रंथात ईस्टरच्या या माकडचेष्टांवर कोरडे ओढले. तरी प्रथा मेली नाही. बव्हेरियात ती आणखी दीड-दोन शतके नांदली, फक्त जरा अंगभर कपडे घालून. शेणात लोळणे गेले, ‘ओस्टरमेर्लाइन’ म्हणजे ईस्टरच्या छोट्या गोष्टी आल्या. आंद्रेआस श्ट्रोब्ल या बव्हेरियन धर्मगुरूने १६९४ साली अशा गोष्टींनी भरलेला प्रवचनसंग्रह छापला आणि त्याला नाव दिले ‘नवी रंगवलेली ईस्टरची अंडी’. अठराव्या शतकात विवेकवादाचे वारे वाहू लागले, चर्चचे अधिकारी आणि राज्यकर्ते दोघांनाही हा प्रकार अडाणी वाटू लागला, आणि ईस्टरचे हसू व्यासपीठावरून उतरले.

बव्हेरियातच जन्मलेले योसेफ रात्सिंगर, पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांनी या प्रथेची आठवण ममतेने नोंदवली आहे. हसू थोडे वरवरचे असेल, पण मुक्त झालेल्या माणसाने हसण्यात गैर काय, असा त्यांचा सूर. मी त्यांच्याच बाजूचा. ओकोलांपाडियस यांचा राग खोटा नव्हता, वेदीपाशी माणसाची फजिती करणे वाईटच. पण त्यांनी अश्लीलतेबरोबर आनंदही झाडून टाकायला काढला.

मराठी वाचकाला श्रद्धेतले हसू परके नाही. धर्मांतराने फाटलेला संसार सांगतानाही लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त हसवले आहे, आणि सर्वांत जास्त हसल्या त्या स्वतःलाच. दुसरा दुवा निव्वळ पंचांगाचा आहे. बव्हेरियाशी त्याचे काही नाते नाही. गोव्याच्या ख्रिस्ती समाजाचे लाडके, गाण्यांनी आणि टोमण्यांनी भरलेले तियात्र हे कोकणी नाटक पहिल्यांदा रंगले ते आपल्या मुंबईत. लुकाझिन रिबेरो आणि मंडळींनी ‘इटालियन भुरगो’ सादर केले ती तारीख १७ एप्रिल १८९२, आणि तो दिवस ईस्टर संडेचा होता.