अल-सूफींचा छोटा ढग

मागच्या डिसेंबरात नववीच्या काही मुलांना घेऊन गावाबाहेरच्या माळावर गेलो. सोबत तिपाई, जुना डीएसएलआर कॅमेरा आणि 50 मिमीची लेन्स. देवयानी दीर्घिकेचा फोटो काढायचा होता. दिशा सापडावी म्हणून आधी उत्तरा भाद्रपदातला एक तारा धरला. इंग्रजी नकाशात त्याचं नाव अल्फेराट्झ. मुलांना गंमत वाटली, कारण ते नाव अरबी ‘अल-फरस’, म्हणजे घोडा, यावरून आलंय.

पृथ्वी फिरते, त्यामुळे तिपाईवर जास्त वेळ शटर उघडं ठेवलं तर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. म्हणून 5 सेकंदांचे 240 फोटो काढले आणि घरी संगणकावर ते एकावर एक रचले. वीस मिनिटांचा प्रकाश एका चित्रात आला. मधोमध उजळ ठिपका, भोवती लांबट धुकं. सर्पिल भुजा मात्र दिसेनात.

एका मुलाने विचारलं, “सर, ही गॅलेक्सी मुसलमानांनी शोधली ना? व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं.”

प्रश्न महत्त्वाचा होता. अब्दुर्रहमान अल-सूफी यांचा जन्म 903 मध्ये रय शहरात झाला. बुवैही अमीर अझुदुद्दौला यांच्या आश्रयाखाली त्यांनी 964 च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात देवयानीतला हा ‘छोटा ढग’ नोंदला आहे. उपलब्ध नोंदींत ही सर्वांत जुनी मानली जाते. पण तो ढग म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वेगळी दीर्घिका आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही.

युरोपात सिमोन मारियुस यांनी 1612 मध्ये तो दुर्बिणीतून पाहिला. सर्पिल रचना दाखवली ती आयझॅक रॉबर्ट्स यांच्या 1888 च्या फोटोने. हा वेल्श माणूस पेशाने बांधकाम व्यावसायिक, खगोलशास्त्र हा त्याचा छंद. 20 इंची दुर्बिणीवर काच-पट्टी लावून तासन्‌तास प्रकाश गोळा करायचा. फोटो उत्तम आला, अर्थ मात्र चुकला. त्यांना वाटलं, ही नवी सूर्यमाला घडते आहे. 1923 मध्ये एडविन हबल यांना तिथे एक रूपविकारी तारा सापडला आणि त्यावरून अंतर काढता आलं. आज ते सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं मानलं जातं.

मुलाला म्हटलं, “शोधली असं म्हणू नकोस. पाहिली आणि प्रामाणिकपणे लिहून ठेवली, असं म्हण.”

त्याचा चेहरा थोडा पडला. मग मी सांगितलं की अल-सूफींचं मोठेपण यापेक्षा मोठं आहे. टॉलेमीचा ग्रंथ आठशे वर्षं प्रमाण मानला जात होता. त्यांनी तो समोर ठेवला, पण ताऱ्यांची तेजस्विता स्वतः डोळ्यांनी तपासली आणि जिथे पटलं नाही तिथे तसं लिहिलं. आपल्याला त्यांचा वारसा सांगायचा असेल तर फॉरवर्ड करण्याआधी तपासायला हवं.

फोटो वर्गात लावला आहे. खाली मुलांनी मराठी आणि उर्दूत लिहिलंय: छोटा ढग.