सेवापुस्तिकेत नसलेली जखम

शासकीय कर्मचाऱ्याच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्टीसाठी आपल्या व्यवस्थेत एखादा नमुना असतो, निदान एखादा रकाना तरी असतोच. जन्मतारीख, शरीरावरील ओळखखूण, रजेचा हिशेब, वेतनवाढ, बदली, शिक्षा, वारसाचे नाव हे सारे सेवापुस्तिकेत येते. परंतु कर्तव्य बजावीत असताना ज्याने काही भयंकर पाहिले, सोसले आणि जो जिवंत राहून पुन्हा कामावर रुजू झाला, त्याच्या मनाला झालेल्या इजेसाठी त्या पुस्तिकेत जागा नाही. ही उणीव कशी निर्माण झाली आणि गेल्या दीडशे वर्षांच्या अनुभवातून ती भरून काढण्याचा काही मार्ग दिसतो काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या प्रश्नाचा इतिहास रेल्वेपासून सुरू होतो, हे प्रशासनाच्या अभ्यासकाला अर्थपूर्ण वाटेल. १८६६ साली लंडनमधील शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातांतील जखमींविषयीची आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. अपघातातून वरवर पाहता सहीसलामत सुटलेल्या माणसांना पुढे झोप येईनाशी होई, हातपाय थरथरत, विस्मरण होई, कामात लक्ष लागत नसे. एरिक्सन यांनी याचे कारण मणक्याला बसलेल्या धक्क्यात शोधले आणि या विकाराला ‘रेल्वे स्पाइन’ हे नाव रूढ झाले. १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी हे मत खोडून काढले. मणक्याला काही झालेले नसून बाधा भीतीची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर पेज सत्याच्या अधिक जवळ होते. पण ते एका मोठ्या रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते, आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांत या मताचा सोयीस्कर अर्थ असा निघे की, जी जखम दिसत नाही तिचे सोंगही आणता येते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील गाठ लगेच ओळखू येईल. दुखणे किती आहे हे दुखणेकऱ्यालाच ठाऊक असते आणि पैसे देणाऱ्याला ते मोजता येत नाही. अशा व्यवहारात देणारा संशयाचा आश्रय घेतो. मनाच्या इजेची संकल्पना जन्मली तीच न्यायालयात, भरपाईच्या वादात, आणि जन्मतःच तिच्या कपाळी संशय लिहिला गेला. पुढच्या प्रत्येक नियमात या संशयाचा अंश उतरला आहे.

पहिल्या महायुद्धाने तो अधिक गडद केला. १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मधील लेखात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला आणि पाहता पाहता तो सर्वतोमुखी झाला. ही जखम मानावी की भित्रेपणा, हा प्रश्न ब्रिटिश युद्धखात्याला इतका छळू लागला की लॉर्ड साउथबरो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. १९२२ साली आलेल्या तिच्या अहवालाचा कल स्पष्ट होता. तो शब्दच व्यवहारातून काढून टाकावा आणि मनोधैर्य खचणे हा रणांगणातून सन्मानाने सुटण्याचा मार्ग आहे, असे सैनिकाला वाटू देऊ नये, असे समितीचे मत पडले.

त्यानंतर एका वर्षाने, १९२३ साली, भारतात कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. आपल्या देशातील सामाजिक सुरक्षेच्या कायद्यांतील तो आद्य कायदा होय, आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. कामाच्या ओघात व कामामुळे झालेल्या अपघाताने कामगाराला ‘वैयक्तिक इजा’ झाल्यास मालकाने भरपाई द्यावी, असे त्याने ठरविले. या शब्दांतून मनाची इजा वगळलेली नव्हती. पण कायद्याचा रोजचा व्यवहार चालतो तो परिशिष्टांवर, आणि तेथे शरीराचे अवयव व त्यांची टक्केवारी आहे. अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के, दोन्ही हात गेल्यास १००. व्यावसायिक रोगांच्या यादीतही शिसे, पारा, धूळ, किरणोत्सर्ग असे सारे येते. भयाने झालेला विकार येत नाही. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला आहे, पण विचाराची चौकट तीच राहिली आहे. जगात मात्र दरम्यान बरेच घडले. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणाव विकाराला आपल्या वर्गीकरणात स्थान दिले आणि २०१० साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या व्यावसायिक रोगांच्या सुधारित यादीत त्याचा नावानिशी समावेश केला.

आता आपल्याकडील एक रात्र पाहू. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा जवळच असलेल्या रेल्वे स्थानकावर उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर कामावर होते. फलाटावर गोरखपूरहून आलेली मुंबईकडे जाणारी गाडी प्रवाशांनी भरून उभी होती. सुटण्याची वेळ झालेली नव्हती. वरिष्ठांच्या परवानगीसाठी न थांबता त्यांनी ती गाडी सोडून दिली, शेजारच्या स्थानकांना भोपाळकडे गाड्या न पाठविण्याचे निरोप दिले आणि स्वतः स्थानकावरच राहिले. त्या रात्री त्यांचा एक मुलगा मरण पावला. दस्तगीर वाचले, पण पुढची १९ वर्षे रुग्णालयांच्या वाऱ्या करण्यात गेली आणि २००३ साली त्यांचे निधन झाले. कर्तव्यावर असताना प्राण गमावलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे स्मारक भोपाळ स्थानकात आहे. त्यावर दस्तगीर यांचे नाव नाही, असे त्यांच्यावरील प्रसिद्ध लेखनात नमूद आहे. ते त्या रात्री मेले नाहीत, हेच त्याचे कारण.

यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष काढण्याचा हेतू नाही. मृताच्या वारसाला सानुग्रह अनुदान आणि अनुकंपा नियुक्ती, जखमीला रजा आणि भरपाई, पराक्रम करणाऱ्याला पदक आणि रोख पारितोषिक, अशी आपली साधने आहेत. जो मेला नाही आणि ज्याच्या अंगावर दाखविण्याजोगी जखम नाही, तो या तिन्ही रकान्यांच्या मधल्या फटीत पडतो.

भोपाळमध्ये नागरिकांच्या बाबतीत मात्र एक नवी गोष्ट घडली. १९८५ च्या पहिल्या महिन्यांत लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारतज्ज्ञांनी वायुग्रस्तांच्या दवाखान्यांतील रुग्णांची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा पाचांत एकाहून अधिक रुग्णांत मानसिक विकार आढळला. बंगळूरच्या निम्हान्सने तेथील सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना या कामाचे प्रशिक्षण दिले. आपत्तीनंतरच्या मानसिक आरोग्याचे भारतातील कार्य येथून सुरू झाले आणि ओरिसातील १९९९ चे चक्रीवादळ, गुजरातेतील २००१ चा भूकंप, २००४ ची त्सुनामी अशा क्रमाने ते वाढत गेले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने डिसेंबर २००९ मध्ये यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परंतु आपत्तीग्रस्त म्हणजे नागरिक आणि कर्मचारी म्हणजे मदत करणारा, ही विभागणी आपल्या मनात इतकी पक्की आहे की मदत करणाराही आपत्तीग्रस्त असतो हे सहसा ध्यानी येत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णु झेंडे यांनी गोळीबार चालू असताना सूचना देत राहून प्रवाशांना सुरक्षित बाजूकडे वळविले. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी २० गर्भवती स्त्रियांना आडोशाला नेऊन वाचविले, नंतर आरोपीची ओळख पटविली, न्यायालयात साक्ष दिली आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही आपले म्हणणे मांडले. दोघांचाही गौरव झाला आणि तो यथोचितच होता. पण त्या रात्री त्या दोन इमारतींत आणखी कितीतरी कर्मचारी होते. खिडकीवरचे बुकिंग क्लार्क होते, हमाल, सफाई कामगार, वॉर्डबॉय, पहारेकरी होते. स्थानक धुऊन निघाले, गाड्या पुन्हा धावू लागल्या, आणि शहराच्या चिवटपणाचे सर्वत्र कौतुक झाले. चिवटपणाच्या या कौतुकाला एक दुसरी बाजूही असते. ते ऐकल्यावर आपल्याला झोप येत नाही, असे सांगण्याचे धैर्य किती जणांत उरत असेल?

येथे नियमांची रचना तपासणे अगत्याचे ठरते. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियमांत पूर्वी विशेष विकलांगता रजा होती. सातव्या वेतन आयोगानंतर ती व रुग्णालय रजा एकत्र करून कामाशी संबंधित आजार व इजा यांसाठी नवी रजा निर्माण झाली. रुग्णालयात असेपर्यंत पूर्ण वेतन, त्यानंतर नागरी कर्मचाऱ्यास सहा महिने पूर्ण व पुढे बारा महिने अर्धे वेतन, अशी तिची उदार रचना आहे. मात्र ती सारी रचना रुग्णालयात दाखल होण्याच्या खुंटीवर टांगलेली आहे. मनाने खचलेला माणूस सहसा दाखल होत नाही; तो घरी बसतो. फोन उचलत नाही. मग नस्तीवर ‘अनधिकृत गैरहजेरी’ असा शेरा येतो, ज्ञापन निघते, खुलासा मागविला जातो, आणि आजाराचा प्रवास शिस्तभंगाच्या वाटेने सुरू होतो.

न्यायालयांनी ही वाट अडविण्याचा प्रयत्न केला आहे. सेवेत असताना विकलांगता आलेल्या कर्मचाऱ्यास सेवेतून काढता येणार नाही, असे १९९५ च्या विकलांग व्यक्ती कायद्याच्या ४७ व्या कलमाने सांगितले आणि त्या कायद्याच्या व्याख्येत मानसिक आजारही होता. २०१६ च्या कायद्याच्या २० व्या कलमाने तेच संरक्षण पुढे चालविले. लष्करी निवृत्तिवेतनाच्या संदर्भात धरमवीर सिंग प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली असे ठरविले की, भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद नव्हती ती सेवेमुळे उद्भवली असे सामान्यतः गृहीत धरावे आणि संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. मानसिक विकलांगता असलेल्या व्यक्तीवर शिस्तभंगाची कारवाई सुरू करणे हाच अप्रत्यक्ष भेदभावाचा एक प्रकार ठरू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. हे निर्णय मोलाचे आहेत. तथापि न्यायालय येते ते शेवटी, दहा-बारा वर्षांनी. कार्यालयाला उत्तर हवे असते ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

ते उत्तर सर्वांना सक्तीने समुपदेशकापुढे बसविणे हे नव्हे. १९८० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत घटनेनंतर लगोलग सर्वांना एकत्र बसवून अनुभव कथन करावयास लावण्याची पद्धत रूढ झाली होती. २००२ च्या कॉक्रेन समीक्षेत असे दिसले की, अशा एकाच सत्राने पुढील विकार टळत नाही, उलट काहींना अपाय संभवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेचा भर अधिक साध्या गोष्टींवर आहे: माणसाला काय हवे ते पाहणे, बोलावेसे वाटले तर ऐकणे, घरच्यांशी व उपचारांशी त्याची सांगड घालून देणे.

प्रशासनाने काय करावे, याविषयी माझे मत एका वाक्यात सांगता येईल. साहाय्याचा नियम अर्जावर न बेतता घटनेवर बेतावा. गाडीखाली माणूस आलेला लोको पायलट, जमावाने घेरलेला तलाठी, वॉर्डात मारहाण झालेला डॉक्टर, आगीतून मृतदेह बाहेर काढणारा अग्निशामक यांना मागण्याची वेळच येऊ नये. घटना घडली की ठराविक दिवसांचा विराम आपोआप मिळावा, तो कोणत्याही रजेच्या खात्यातून वजा होऊ नये. हे अशक्य नाही. लैंगिक छळाची तक्रार करणाऱ्या महिला कर्मचाऱ्यास चौकशीच्या काळात ९० दिवसांपर्यंतची विशेष रजा २०१७ साली रजा नियमांत समाविष्ट झाली, आणि ती रजेच्या हिशेबातून वजा होत नाही. म्हणजे लेखणीला हे जमते. सर्वांनाच विराम मिळाला म्हणजे सोंगाचा संशय उरत नाही आणि मागणाऱ्याची लाजही उरत नाही. दीडशे वर्षांपूर्वी पडलेली गाठ अशा नियमाने बरीच सैल होते. चौकशीसाठी जबाब घ्यावाच लागतो, पण तो एकदा आणि नीट घ्यावा. पाच कार्यालयांनी पाच वेळा तीच रात्र वदवून घेऊ नये. २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू असलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक सूचनाफलकावर असावा, पण तेवढ्यावर आपले कर्तव्य संपले असे मानू नये.

नियम बदलेपर्यंत वाट पाहावी लागणार नाही असे एक काम प्रत्येक कार्यालयप्रमुखाच्या हाती आहे. ते म्हणजे नोंद. अमुक दिनांकास अमुक घटना घडली तेव्हा हा कर्मचारी तेथे कर्तव्यावर उपस्थित होता, एवढे एक वाक्य कार्यालयीन आदेशाच्या रूपाने काढून सेवापुस्तिकेत चिकटवावे. त्याला खर्च नाही, वित्त विभागाची सहमती नको. आठ वर्षांनी तो माणूस कामात चुकू लागला, गैरहजर राहू लागला, तर त्या वेळच्या अधिकाऱ्याला ज्ञापन काढण्यापूर्वी ते पान दिसेल. वैद्यकीय मंडळापुढे तोच पुरावा असेल. भोपाळ स्थानकात त्या रात्री कामावर असलेल्या प्रत्येकाच्या पुस्तिकेत ४ डिसेंबर १९८४ रोजी असे एक वाक्य लिहिता आले असते. पुढची अशी रात्र कोठे येईल हे कोणास ठाऊक नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाची पुस्तिका काढावयाची, हे हजेरीपटावर लिहिलेले असते.