राज्यक्षेत्रातीत हक्क, चीनमधील

राज्यक्षेत्रातीत हक्क, चीनमधील : चीनमध्ये राहणाऱ्या परदेशी नागरिकावरील खटला चिनी न्यायालयात न चालविता त्याच्या स्वदेशाच्या कायद्यानुसार, त्याच्या वाणिज्यदूताच्या किंवा स्वदेशीय न्यायालयात चालविण्याची सवलत. ब्रिटनने १८४३ च्या व अमेरिकेने १८४४ च्या तहाने ती मिळविली आणि ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’ या कलमामुळे, म्हणजे एकाला दिलेली सवलत इतरांनाही लागू करणाऱ्या तरतुदीमुळे, ती अन्य सत्तांकडेही गेली. ब्रिटिश प्रजाजन या नात्याने मुंबईचे पारशी व्यापारीही तिच्या कक्षेत येत.

हा हक्क सोडण्यास व्यापारीवर्गाचा विरोध दीर्घकाळ टिकला. १७८४ मध्ये ‘लेडी ह्यूज’ जहाजावरून सलामीसाठी तोफ डागताना चिनी नावाडी दगावले, तेव्हा चिनी अधिकाऱ्यांच्या हवाली केलेल्या गोलंदाजाला गळा आवळून देहदंड देण्यात आला. या घटनेची धास्ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. विसाव्या शतकात मात्र भीतीचे स्वरूप बदलले. लष्करी सुभेदार न्यायाधीशांवर दडपण आणतील, करारभंगाचे दावे रखडतील, वखारींच्या दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यांना संरक्षण उरणार नाही आणि मनमानी कर लादले जातील, असे व्यापारी सांगत. न्यायालयांविषयीची त्यांची शंका निराधार नव्हती, कारण १९२६ मध्ये पेकिंगला भरलेल्या तेरा राष्ट्रांच्या आयोगानेही न्यायदानातील लष्करी हस्तक्षेपावर बोट ठेवले. परंतु चिनी करांपासून मिळणारी मोकळीक गमावण्याची चिंताही या विरोधामागे होती, हे नाकारता येत नाही.

ब्रिटनने १९०२ च्या मॅके तहात, चिनी कायदे व न्यायव्यवस्था समाधानकारक झाल्यास हक्क सोडण्याचे मान्य केले होते. तथापि समाधान झाले की नाही हे ठरविणे ब्रिटनच्याच हाती राहिल्याने हे वचन चीनच्या दृष्टीने जवळजवळ पोकळ ठरले. पहिल्या महायुद्धात हा हक्क गमावलेल्या जर्मनांनी १९२१ च्या तहानंतर चिनी न्यायालयांच्या अधिकाराखाली राहून आपला व्यापार पुन्हा उभा केला. व्यापाऱ्यांनी रंगविलेल्या सर्वनाशाच्या चित्राला याहून सबळ उत्तर नव्हते. १९३१ च्या ब्रिटिश-चिनी मसुद्यात शांघाय शहर दहा वर्षे वगळण्याची तरतूद होती, पण त्याच वर्षी सप्टेंबरात जपानने मांचुरियावर आक्रमण केल्याने तो बारगळला. अखेर ब्रिटन व अमेरिका यांनी ११ जानेवारी १९४३ रोजी स्वतंत्र तहांनी हे हक्क सोडले. त्या वेळी शांघायची आंतरराष्ट्रीय वसाहत जपानच्या ताब्यात होती.