अंधुक उजेडांतील भिंग

इ. स. १९३० च्या जानेवारींत हेग शहरीं युद्धखंडणीच्या प्रश्नावर परिषद भरली होती. मध्यरात्र उलटल्यावर थकलेले मंत्री खुर्च्यांतच पेंगूं लागले. त्या प्रसंगाचें छायाचित्र पुढें जगप्रसिद्ध झालें. तें घेणारे गृहस्थ म्हणजे डॉ. एरिख सालोमोन, मूळचे बर्लिनचे कायदेपंडित. त्यांची सारी भिस्त एका मोठ्या भिंगावर होती.

तोंवर रात्रीं छायाचित्र घ्यावयाचें, तर बहुधा मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागे. डोळे दिपत, खोली धुरानें भरे आणि बसलेल्यांचा सहजभाव नाहींसा होई. १९२४ सालीं ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्यानें ‘एर्मानॉक्स’ कॅमेरा बाजारांत आणला. त्याचें ‘एर्नोस्टार’ भिंग लुडविग बेर्टेले या तरुणानें रचलें होतें. भिंगाचें नाभीय अंतर १० सेंटिमीटर, तर प्रकाशद्वार ५ सेंटिमीटर. यालाच ‘एफ २’ म्हणतात. नेहमींच्या एफ ४.५ भिंगापेक्षां त्यांतून सुमारें पांचपट प्रकाश आंत येई.

परंतु या देणगीचें मोलही भारी होतें. प्रकाशद्वार पूर्ण उघडें असतां तीन मीटरवरील माणसाभोंवतीं जेमतेम वीतभर अंतरच स्पष्ट उमटे. पुढचा चेहरा साधला, तर मागचा धूसर होई. प्रत्येक चित्राला नवी कांचेची पट्टी लागे. दिव्याच्या उजेडांत झडप पाव-अर्धा सेकंद उघडी ठेवावी लागे. म्हणून सालोमोन कॅमेरा तिवईवर ठेवीत आणि बोलणारा क्षणभर थबकण्याची वाट पाहत. भिंगानें उजेड दिला, पण धीर त्यांचा स्वतःचा होता.

पुढें बेर्टेले यांनीं १९३२ च्या ‘कॉन्टॅक्स’ कॅमेऱ्यासाठीं ‘झोनार’ भिंगें रचलीं. कांच व हवा जेथें भेटतात, तेथें थोडा प्रकाश परततो. म्हणून त्यांनीं भिंगाचे अनेक तुकडे एकमेकांस चिकटविले व असे पृष्ठभाग कमी केले. भिंग निवडणारानें केवळ ‘एफ’चा आंकडा पाहूं नये, हा बोध त्यांतून मिळतो. किती उजेड मिळेल, याबरोबरच किती खोली गमवावी लागेल, हेंही त्यानें तोलून पाहावें.

सालोमोन ज्यू होते. नाझी राजवटींत त्यांनीं हॉलंडमध्यें आश्रय घेतला. परंतु तेथें ते पकडले गेले आणि १९४४ सालीं ऑश्विट्झच्या छळछावणींत त्यांचा अंत झाला. वाटाघाटींनीं कलह मिटेल, या आशेनें रात्री जागविणारा तो युरोप त्यांच्या चित्रांत मात्र अजून जागा आहे.